नाणेघाट ते केंब्रिज : धर्मानंद कोसंबी यांच्या प्रवासांचा एक ऐतिहासिक विचार

मुरबाडहून माळशेजच्या दिशेने जाताना वैशाखरे गावाच्या पुढे नाणेघाटाची वाट सुरू होते. ही वाट सह्याद्री चढून जुन्नरच्या पठारावर पोहोचते. घाटमाथ्यालगतच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील प्रदीर्घ शिलालेख आहे. सिमुक, सातकर्णी आदी राजकुलातील व्यक्तींच्या भग्न प्रतिमांवरील नावेही तेथे कोरलेली आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लेखांचे वाचन केले आणि सातवाहनांच्या इतिहासाला भक्कम पाया मिळाला. नागनिकेचा लेख यज्ञांचा व त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणांचा आहे, बौद्ध नाही. परंतु ज्या वाटेवर तो आहे ती वाट जुन्नरच्या बौद्ध लेण्यांना कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडणारी होती. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत नोंदलेली आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथाला कल्याणची बाजारपेठ माहीत आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस यालाही ती माहीत आहे.

यापेक्षाही लक्षणीय गोष्ट अशी की, सिंहलद्वीपात रचल्या गेलेल्या 'महावंस' या पाली ग्रंथात सोपाऱ्याचे नाव येते. विजय नावाचा राजपुत्र लंकेला पोहोचण्यापूर्वी 'सुप्पारक' येथे उतरला, अशी ती कथा आहे. कथेची ऐतिहासिकता कितीही संशयास्पद असली तरी आपल्या किनाऱ्याची स्मृती परक्या बेटावरील भिक्षूंनी जपून ठेवली, हे त्यावरून दिसते. आपल्याकडे मात्र ती राहिली नाही. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा त्यातून करंडक व बुद्धमूर्ती बाहेर आल्या. परंतु ज्या भाषेत बुद्धाची वचने जतन झाली होती ती पाली पारंपरिक रीतीने शिकवणारा गुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता. लेणी होती, शिलालेख वाचले जात होते, पण ग्रंथ व गुरू यांची परंपरा तुटलेली होती.

ही तुटलेली परंपरा परत आणण्यासाठी एका गोमंतकीय तरुणाला काठमांडू, कोलंबो, रंगून आणि शेवटी अमेरिकेतील केंब्रिज इतका फेरा घ्यावा लागला. धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या चरित्राकडे सामान्यतः मुमुक्षूची यात्रा किंवा एका विलक्षण माणसाचे साहस म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या प्रवासांकडे ज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहिले आहे. कोसंबी कोठे कोठे गेले हा प्रश्न येथे गौण आहे. त्यांना जावे का लागले, आणि त्या जाण्याची किंमत कोणी दिली, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत.

या अभ्यासाचे मुख्य साधन म्हणजे १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मकथन 'निवेदन'. आत्मचरित्र हे साधन म्हणून जपूनच वापरावे लागते. लेखक स्वतःविषयी जे सांगतो त्यापेक्षा जे ओघात लिहून जातो ते इतिहासकाराला अधिक उपयोगी पडते. 'निवेदना'त असे ओघात आलेले पुष्कळ आहे. कोणत्या गावी कोणी जेवू घातले, तिकिटाचे पैसे कोणी दिले, कोठे पाय सुजले, कोठे आजारपण आले, याची नोंद कोसंबी ज्या निर्विकारपणे करतात तशी त्या काळातील मराठी गद्यात फार थोड्या ठिकाणी सापडते. मीरा कोसंबी यांनी अलीकडच्या काळात त्यांचे निवडक लेखन व 'निवेदना'चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यामुळे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही हे साधन उपलब्ध झाले आहे. मराठी अभ्यासकांनी मात्र त्याचा प्रवासाच्या इतिहासाचे साधन म्हणून पुरेसा वापर केलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गृहत्याग आणि पहिली भ्रमंती

कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. पोर्तुगीज अमलाखालील त्या खेड्यात मराठी शिक्षणाची सोय जेमतेम होती. कोसंबींचे शालेय शिक्षण नाममात्रच झाले. तरुणपणाची वर्षे घरच्या नारळीच्या बागायतीची व्यवस्था पाहण्यात गेली. १८९१ मध्ये त्यांचा विवाह झाला. मराठी पुस्तके व नियतकालिके हाच त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध होता. 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे एक छोटे चरित्र वाचले आणि त्या वाचनाने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली. मुलांसाठी लिहिलेली चार पाने एखाद्या प्रौढ वाचकाला किती दूर नेऊ शकतात याचे दुसरे उदाहरण मराठी नियतकालिकांच्या इतिहासात शोधावेच लागेल.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकर यांची भेट झाली आणि प्रार्थना समाजाचा आसरा मिळाला. बौद्ध ग्रंथ समजून घ्यायचे तर आधी संस्कृत आले पाहिजे, या समजुतीने ते पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांपाशी अध्ययन करण्याची जी जुनी पद्धत होती तिचा लाभ त्यांनी घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या विद्यार्थ्याच्या मनात बौद्ध धर्म होता, त्याचा पहिला खर्च काशीतील वैदिक परंपरेच्या अन्नछत्राने उचलला. दात्यांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. विद्येचा इतिहास लिहिताना आपण पाठशाळा आणि विद्यापीठे मोजतो. अन्नछत्रे मोजत नाही. वास्तविक रेल्वेच्या काळातही निर्धन विद्यार्थ्याचा प्रवास धर्मशाळा, छत्रे आणि वाटेवरच्या गृहस्थांच्या पंक्ती यांच्याच आधारावर चालत असे. आपल्या शहापूर तालुक्यातून आसनगाव, खर्डी, कसारा असा जाणारा आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचलेला लोहमार्ग काशीचे अंतर दिवसांवर आणू शकला, पण उतरल्यावर जेवायचे कोठे हा प्रश्न त्याने सोडवला नव्हता.

१९०२ च्या प्रारंभी कोसंबी नेपाळला गेले. या प्रवासाचा मोठा भाग पायी झाला. बुद्धाचा जन्म ज्या भूमीत झाला असे मानले जात होते तेथे बौद्ध विद्या जिवंत असेल, अशी त्यांची अपेक्षा होती. काठमांडू खोऱ्यात पाहिलेल्या धर्माचाराने ती पार फोल ठरवली. तेथील परंपरेचे त्यांनी केलेले मूल्यमापन आज एकांगी वाटते. नेवार बौद्धांचे संस्कृत ग्रंथभांडार ही मोठी ठेव आहे आणि ते समजून घेण्याची साधने त्या वेळी त्यांच्यापाशी नव्हती. तथापि त्यांच्या शोधाच्या दृष्टीने ही निराशा उपकारक ठरली. संस्कृतचा मार्ग आपल्याला हवा तेथे नेत नाही, हे त्यांना कळून चुकले. बुद्धगयेला आणि तेथून कलकत्त्याला आल्यावर त्यांनी सिंहलचा रस्ता धरला.

सिंहल आणि ब्रह्मदेश

कोलंबो येथील विद्योदय परिवेण हे त्या काळातील पाली विद्येचे अग्रगण्य पीठ होते आणि हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविर हे त्याचे प्रमुख होते. पंचविशी ओलांडलेले कोसंबी १९०२ मध्ये तेथे श्रामणेर झाले व पाली शिकू लागले. घरी मराठी-कोकणी बोलणारा, काशीत संस्कृत शिकलेला हा तरुण आता सिंहली लिपीतील पोथ्यांपुढे बसला होता. त्या वेळच्या परिस्थितीची कल्पना आज येणे अवघड आहे. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८२ पासून रोमन लिपीत ग्रंथ छापण्यास आरंभ केला होता. सयामच्या राजाने १८९० च्या दशकात सयामी लिपीत त्रिपिटकाची छापील प्रत काढून जगभरातील विद्यासंस्थांना पाठविली होती. सिंहलमध्ये सिंहली लिपी आणि ब्रह्मदेशात बर्मी लिपी चालत होती. बुद्ध ज्या देशात हिंडला त्या देशातील वाचकाला परिचित असलेल्या देवनागरीत मात्र त्रिपिटक उपलब्ध नव्हते. म्हणजे मराठी माणसाला बुद्धवचन मुळातून वाचायचे तर आधी परक्या देशाची लिपी शिकणे भाग होते. कोसंबींच्या पायपिटीचे मूळ कारण माझ्या मते हेच आहे. त्यांना केवळ अनुवाद वाचून समाधान मानायचे असते तर इंग्रजी शिकून मुंबईच्या ग्रंथालयात बसणे पुरेसे होते.

सिंहलमधील हवापाणी व आहार त्यांना मानवला नाही. १९०३ मध्ये ते मद्रासला आले. तेथे पी. लक्ष्मी नरसू यांच्यासारख्या, बुद्धिवादी भूमिकेतून बौद्ध धर्माकडे वळलेल्या मंडळींशी त्यांचा परिचय झाला. तेथून ते ब्रह्मदेशात गेले. ब्रह्मदेशातील ओढ ग्रंथांपेक्षा ध्यानमार्गाच्या अभ्यासाची होती. पुढे भारतात परतून काषाय वस्त्रांत त्यांनी सारनाथ, कुशिनारा आदी स्थळांची यात्रा केली आणि पुन्हा ब्रह्मदेश गाठला. या वर्षांतील त्यांचे वर्णन वाचताना रेल्वे, आगबोट, बैलगाडी आणि पाय यांची सरमिसळ लक्षात येते. हातात पैसा असेल तेथवर तिकीट आणि पुढे चालणे, हा त्यांचा सरळ हिशेब होता. भिक्षूने द्रव्य बाळगू नये हा नियम आणि रेल्वे फुकट नेत नाही ही वस्तुस्थिती, यांचा मेळ घालताना त्यांना दर वेळी कोणातरी दात्याची वाट पाहावी लागे.

येथे थांबून एका व्यक्तीचा विचार करणे आवश्यक आहे. कोसंबींनी घर सोडले तेव्हा त्यांची कन्या माणिक ही तान्ही होती. पत्नी बाळाबाई गोव्यात राहिल्या. सुमारे सात वर्षे पतीचा ठावठिकाणा पत्रांतून कळला तर कळावा, अशी त्यांची स्थिती होती. पती संन्यासी झाला, तोही दुसऱ्या धर्माचा, तर तत्कालीन समाजात त्याच्या पत्नीचे स्थान काय होते याचे वर्णन करण्याची गरज नाही. 'निवेदना'त बाळाबाईंविषयीचा मजकूर थोडा आहे आणि बाळाबाईंनी स्वतः लिहिलेले आत्मकथन नाही. गृहत्याग ही आपल्या परंपरेत इतकी आदरणीय गोष्ट मानली गेली आहे की जो गृह मागे राहिला त्याच्याकडे चरित्रकारांचे लक्ष सहसा जात नाही. बुद्धचरित्रातील यशोधरेची आठवण काढून हा प्रश्न काव्यमय करण्याचा मोहही टाळला पाहिजे. बाळाबाईंनी काढलेली ती वर्षे ही या प्रवासाच्या खर्चातील सर्वांत मोठी बाब आहे, आणि ती कोणत्याही दात्याच्या यादीत आलेली नाही. १९०६ मध्ये कोसंबी भिक्षुजीवन सोडून कलकत्त्याला स्थिरावू लागले व पत्नी आणि कन्या यांची त्यांच्याशी भेट झाली. १९०७ मध्ये त्यांचे पुत्र दामोदर यांचा जन्म झाला.

वेतन, करार आणि परदेशगमन

कलकत्त्यात नॅशनल कॉलेज व पुढे कलकत्ता विद्यापीठ यांत कोसंबींनी पाली शिकविले. सर आशुतोष मुखर्जी यांच्या कारकिर्दीत त्या विद्यापीठात पालीला स्थान मिळाले होते. नोकरी चांगली होती. तरीही १९०८ मध्ये त्यांनी ती सोडली. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले होते. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे, अशी त्यामागील अट होती. बडोद्याच्या व्याख्यानांतून सिद्ध झालेले 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे छोटे पुस्तक १९१० मध्ये निघाले. आज संशोधन प्रकल्पांचे अर्ज, उपयोजिता प्रमाणपत्रे आणि सहामाही अहवाल यांत दिवस घालविणाऱ्या अध्यापकाला हा पन्नास रुपयांचा करार वाचून हेवा वाटल्यास नवल नाही. एवढ्या थोड्या शब्दांत एवढी नेमकी अट घालणारा आश्रयदाता विरळाच.

मुंबईत असताना हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९१० मध्ये ते अमेरिकेला गेले. काम होते बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने ते काम आरंभिले होते. लहानपणीच्या अपघातामुळे पाठीच्या कण्याला कायमची इजा झालेला हा माणूस केंब्रिजमधील आपल्या घरात बसून सिंहली व बर्मी ताडपत्रांवरून पाठ जुळवीत असे. १८९९ च्या जानेवारीत, म्हणजे कोसंबींनी घर सोडले त्याच वर्षी, वॉरनचा मृत्यू झाला. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचे संपादक चार्ल्स लॅनमन यांना ते काम पुरे करावयाचे होते. ज्याने ज्या लिपींतील ग्रंथ त्या त्या देशातील परिवेणांत व विहारांत बसून वाचले होते, असा माणूस त्यांना कोसंबींच्या रूपाने मिळाला.

मात्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादनाचे श्रेय कोणाला आणि कशा शब्दांत द्यावे, यावरून दोघांत मतभेद झाले. १९१२ मध्ये कोसंबी काम अपुरे टाकून परतले. त्यानंतर १९१८ ते १९२२, १९२६–२७ आणि १९३१–३२ असे आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले. दुसऱ्या खेपेस माणिक व दामोदर ही मुले बरोबर होती. एकाच ग्रंथासाठी चार वेळा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास जाणाऱ्या या माणसाच्या चिकाटीचे कौतुक होते. त्याबरोबर त्या काळातील विद्याव्यवहारातील विषमतेचीही नोंद व्हायला हवी. ज्ञान पौर्वात्य पंडिताचे, छापखाना आणि ग्रंथमाला पाश्चात्त्य विद्यापीठाची, ही व्यवस्था तेव्हा सर्वमान्य होती. कोसंबींनी तिचा लाभ घेतला आणि तिच्याशी भांडणही केले.

दोन हार्वर्ड प्रवासांच्या मधली सहा वर्षे (१९१२–१९१८) त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविण्यात घालविली. या सर्व प्रवासांचे महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत टिकाऊ फळ हेच, असे म्हणावेसे वाटते. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी. यांच्या अध्यापनातून व देवनागरी आवृत्त्यांतून मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात पालीचे अध्ययन रुजले. ज्या भाषेसाठी १८९९ मध्ये घर सोडून समुद्र ओलांडावा लागला होता, ती वीस वर्षांच्या आत पुण्यातील वर्गात बसून शिकता येऊ लागली.

उत्तरायुष्यातील भ्रमंतीचा येथे धावता उल्लेख पुरे. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन, १९२९ मध्ये श्चेरबात्स्की यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या लेनिनग्राडच्या बौद्ध संस्कृती संस्थेत वास्तव्य, परतताच १९३० मध्ये शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह, १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात कष्टकरी व दलित समाजासाठी बहुजन विहार. 'भगवान बुद्ध' या १९४०–४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही रूढ कथा नाकारली आणि 'अत्तदण्ड सुत्ता'च्या आधारे शस्त्रसंघर्षाची भीती व उद्वेग हे त्यागाचे कारण मानले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथातही रूढ कथा बाजूला सारून रोहिणी नदीच्या पाण्यावरील संघर्षाला केंद्रस्थान दिले आहे. दोन्ही मांडण्यांची तपशीलवार तुलना हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पाली मूळग्रंथ हाताशी असल्याखेरीज कोसंबींना ती भूमिका घेता आली नसती, एवढे येथे नोंदविणे पुरे. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला.

पुन्हा घाटाकडे

धर्मानंदांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती होते. हार्वर्डमध्ये शिकलेल्या या विद्वानाने भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी पद्धती दिली, हे सर्वश्रुत आहे. त्यांची एक सवय वडिलांची होती. ते पायी हिंडत. मात्र त्यांचे हिंडणे दूरदेशी नसून पश्चिम महाराष्ट्रातील घाटवाटा, देवीची ठाणी, लेणी आणि धनगरांचे मार्ग यांवरून होते. बौद्ध लेणी एकांतासाठी निवडलेल्या निर्जन जागी आहेत हा समज खोडून, ती कोकणातून दख्खनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांवर आहेत आणि विहारांचा त्या व्यापाराशी आर्थिक संबंध होता, हे त्यांनी दाखवून दिले. या मांडणीत कार्ले, जुन्नर आणि नाणेघाट ही नावे वारंवार येतात. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथातील क्षेत्राभ्यासावर आधारित निबंध या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगे आहेत.

वडील ज्या ग्रंथांच्या शोधात लंकेपर्यंत गेले, ते ग्रंथ जपणाऱ्या संघाला एकेकाळी धान्य, वस्त्र आणि नाणी कोणत्या वाटेने पोहोचत होती, हे मुलाने आपल्याच डोंगरांत शोधून काढले. मुरबाड व शहापूर परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या पितापुत्रांचे वाचन एकत्र करण्यात विशेष औचित्य आहे. नाणेघाटाला आपण वर्षासहलीला जातो. विद्यार्थी रांजणापाशी छायाचित्रे काढतात आणि जकातीची आख्यायिका ऐकून खाली उतरतात. भिंतीवरील अक्षरांपुढे उभे राहून त्यांतील चार शब्द वाचू शकेल, असा अध्यापक सहलीत क्वचितच असतो. ब्राह्मीची मुळाक्षरे शिकण्यास तल्लख विद्यार्थ्याला फार दिवस लागत नाहीत आणि प्राकृतचा परिचय पालीच्या द्वारे करून घेता येतो. त्यासाठी आता कोणालाही कोलंबोला जावे लागत नाही.

हार्वर्डचे काम पुढे पूर्ण झाले, परंतु ग्रंथ रखडत राहिला. दरम्यान कोसंबींनी 'विसुद्धिमग्गा'ची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली व ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली. हार्वर्डची आवृत्ती ग्रंथमालेचा एकेचाळिसावा खंड म्हणून १९५० मध्ये बाहेर पडली. तिच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधित पाठाचे कर्ते म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव छापलेले आहे. तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि वॉरन यांना एकावन्न.